विश्लेषण : मुंबईच्या ‘ताज’पासून ऋषिकेशच्या आश्रमापर्यंत… ‘बीटल’ जॉर्ज हॅरिसन यांना एकांत मिळाला का?

नाव बदलले, केस कापले, मिशी वाढवली आणि घरापासून हजारो किलोमीटर दूर मुंबई गाठली. तरीही ‘बीटल्स’चे गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांना या शहरात निवांत राहता आले ते जेमतेम काही दिवस. १९६६ च्या सप्टेंबरमधली ही गोष्ट. तेव्हा ना मोबाइल होता, ना समाजमाध्यमे. एका लिफ्टचालकाची नजर पुरेशी ठरली. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना प्रसिद्ध गायक-वादकांनी विसाव्यासाठी जायचे तरी कुठे? हॅरिसन यांनी पुढची अनेक वर्षे याचेच उत्तर शोधले. त्या शोधातून कलाकारांपेक्षा चाहत्यांनी शिकण्यासारखे अधिक आहे.

मुंबईत नेमके काय घडले होते?

हॅरिसन तेव्हा २३ वर्षांचे होते. पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी ते पत्नी पॅटी बॉइड यांच्यासह मुंबईत आले. ताजमहाल हॉटेलात त्यांनी ‘सॅम वेल्स’ या नावाने खोली घेतली. वेशांतराची काळजीही घेतली होती. पण हॉटेलातल्या लिफ्टचालकाने त्यांना ओळखले आणि बातमी शहरभर पसरली. हॉटेलाबाहेर तरुण-तरुणींची गर्दी जमली, फोन खणखणू लागले. शेवटी पत्रकार परिषद घेऊन, आपण येथे ‘बीटल’ म्हणून नव्हे तर विद्यार्थी म्हणून आलो आहोत, हे सांगण्याची वेळ आली. त्यानंतर गुरू-शिष्यांनी मुंबई सोडून काश्मीर गाठले. सतारीचे धडे दल सरोवरातल्या हाउसबोटीवर सुरू झाले.

त्याआधी जुलैमध्येही असाच अनुभव आला होता. फिलिपिन्सचा दौरा आटोपून परतताना चौघेही दिल्लीत उतरले. इथे आपल्याला कोण ओळखणार, असा त्यांचा समज होता. विमानतळावर जमलेल्या चाहत्यांनी तो लगेच खोटा ठरवला.

इतक्या लहान वयात पळून जावेसे का वाटले?

कारण गाणे ऐकूच येत नव्हते, हे अगदी शब्दशः. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर ५५ हजारांहून अधिक श्रोते होते. त्या दौऱ्यासाठी ‘व्हॉक्स’ कंपनीने १०० वॉटचे खास अॅम्प्लिफायर बनवले होते. पण इतक्या मोठ्या स्टेडियमपुढे आणि किंचाळ्यांपुढे ते अगदीच तोकडे पडले. आज गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून रंगमंचावर किंवा थेट कानात मॉनिटर असतो. तशी सोय तेव्हा नव्हती. चौघे एकमेकांच्या हालचाली पाहून ताल सांभाळत होते. ज्यासाठी लोक आले, ते संगीतच त्या गोंगाटात हरवत होते.

१९६६ मध्ये यात भीतीची भर पडली. मनिलामध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्डा मार्कोस यांच्या समारंभाला बँड गेला नाही, याचा राग इतका उसळला की विमानतळावर संरक्षण काढून घेतले गेले आणि त्यांना धक्काबुक्की झाली. जॉन लेनन यांच्या येशू ख्रिस्तांविषयीच्या विधानावरून अमेरिकेत ‘बीटल्स’च्या तबकड्या जाळण्यात आल्या. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवरचा कार्यक्रम त्यांच्या दौऱ्यांमधला अखेरचा ठरला. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी हॅरिसन मुंबईत होते. म्हणजेच ती काही हौसेची सहल नव्हती.

ऋषिकेशमध्ये तरी शांतता लाभली का?

काही अंशी लाभली. ऑगस्ट १९६७ मध्ये व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांचे निधन झाले आणि बँडचा आधारच गेला. फेब्रुवारी १९६८ मध्ये चौघेही महर्षी महेश योगी यांच्या ऋषिकेशमधील आश्रमात आले. गंगेकाठची टेकडी, चोहोबाजूंनी जंगल आणि कुंपण. जगभरातले पत्रकार आले, पण त्यांना फाटकाबाहेरच थांबावे लागले. ‘ताज’मध्ये जे नव्हते ते इथे होते : ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांच्यामधली रेषा, आणि ती राखणारा कुणीतरी.

त्याचा परिणाम लगेच दिसला. त्या काही आठवड्यांत ढिगाने गाणी तयार झाली आणि त्यांतली बरीचशी नोव्हेंबर १९६८ मध्ये आलेल्या, ‘व्हाइट अल्बम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संचात आली. पण यातच एक पेच होता. हॅरिसन तिथे ध्यानासाठी आले होते. पुढच्या अल्बमची चर्चा त्यांना नको होती. विसाव्याच्या जागीही कामाने पाठ सोडली नव्हती. रिंगो स्टार दहाएक दिवसांत परतले, पॉल मॅकार्टनी मार्चअखेरीस गेले. महर्षींविषयी उठलेल्या वावड्यांनंतर लेनन आणि हॅरिसन यांनी एप्रिलमध्ये आश्रम सोडला.

आज हा आश्रम ‘चौरासी कुटिया’ किंवा ‘बीटल्स आश्रम’ या नावाने ओळखला जातो. राजाजी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतली ही जागा डिसेंबर २०१५ पासून तिकीट काढून पाहता येते. जिथे चार तरुण लोकांच्या नजरेपासून लपायला आले होते, तिथल्या पडक्या भिंतींसमोर आता सेल्फी काढले जातात.

मग हॅरिसन यांनी काय केले?

त्यांनी जागा बदलण्यापेक्षा कामाची पद्धत बदलली. १९७० मध्ये त्यांनी इंग्लंडमधील हेन्ली-ऑन-टेम्स येथील फ्रायर पार्क हा मोडकळीला आलेला जुना वाडा घेतला. तिथली रान माजलेली बाग पुन्हा उभी करण्यात त्यांनी आयुष्याचा मोठा भाग घालवला. १९८० मध्ये आलेले आत्मकथन त्यांनी जगभरच्या बागकाम करणाऱ्यांना अर्पण केले. बँड फुटल्यानंतरच्या तीन दशकांत त्यांनी दोनच मोठे दौरे केले : १९७४ मध्ये उत्तर अमेरिकेचा आणि १९९१ मध्ये जपानचा. संगीत सोडले नाही. नको तेव्हा समोर येणे सोडले.

तरीही भिंत अभेद्य नव्हती. ८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये लेनन यांची त्यांच्या घराबाहेर हत्या झाली. त्याच दिवशी काही तासांपूर्वी त्यांनी मारेकऱ्याला स्वाक्षरी दिली होती. ३० डिसेंबर १९९९ रोजी फ्रायर पार्कमध्ये घुसलेल्या माणसाने हॅरिसन यांना चाकूने भोसकले. पत्नी ऑलिव्हिया यांनी हल्लेखोराचा प्रतिकार केला म्हणून ते वाचले.

ऐन मुंबईत एकांत कसा शक्य झाला?

हॅरिसन यांच्या गुरूंच्या पहिल्या पत्नी, सूरबहारवादक अन्नपूर्णादेवी यांनी हे करून दाखवले. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्या या कन्येने १९५० च्या दशकात जाहीर वादन थांबवले, ते कायमचे. त्यामागच्या कारणांची चर्चा अनेकांनी केली. त्या मात्र शिकवत राहिल्या. हरिप्रसाद चौरसिया, नित्यानंद हळदीपूर असे शिष्य त्यांच्याकडून घडले. दक्षिण मुंबईतल्या ‘आकाशगंगा’ इमारतीतल्या त्यांच्या घराच्या दारावरच सूचना होती : घंटी तीनदाच वाजवावी, दार उघडले नाही तर निघून जावे. हॅरिसन यांना त्यांचा रियाज ऐकण्याची संधी मिळाल्याची गोष्ट संगीतवर्तुळात आजही सांगितली जाते. १९७७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले.

हिमालय नाही, बेट नाही, वाडा नाही. गजबजलेल्या शहरातला एक फ्लॅट आणि दारावरची सूचना. ती टिकली, कारण येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती पाळली. मुद्दा इथेच आहे. एकांत कलाकार एकटा मिळवू शकत नाही. तो समोरच्यांनी द्यावाही लागतो.

आज थांबणे अधिक कठीण का झाले आहे?

पहिले कारण पैशांचे. ‘बीटल्स’ना दौरे थांबवणे परवडले, कारण तबकड्या विकून उत्पन्न येत होते. स्ट्रीमिंगच्या काळात रेकॉर्ड केलेल्या गाण्यातून बहुतेक कलाकारांच्या हाती फार थोडे पडते; खरी कमाई कार्यक्रमांतून होते. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत झालेल्या ‘कोल्डप्ले’च्या कार्यक्रमांच्या तिकिटांसाठी उडालेली झुंबड या बाजारपेठेचा आकार सांगते. अशा वेळी थांबायचे म्हणजे स्वतःबरोबर वादक, तंत्रज्ञ आणि आयोजक यांचेही उत्पन्न थांबवायचे. स्वीडनचे डीजे अविची यांनी २०१६ मध्ये दौरे थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा ते अवघे २६ वर्षांचे होते. एप्रिल २०१८ मध्ये मस्कत येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कुटुंबाने स्थापन केलेली संस्था आता मानसिक आरोग्यासाठी काम करते.

दुसरे कारण तंत्रज्ञानाचे. १९६६ मध्ये लिफ्टचालकाने पाहिलेले शहरभर व्हायला थोडा तरी वेळ लागला. आज तेच काही सेकंदांत होते, आणि ठिकाणासह होते. गाण्यांची शिफारस करणारे आणि रील पुढे ढकलणारे अल्गोरिदमही सतत काहीतरी नवे मागतात. काही महिने गप्प राहिलेला कलाकार तिथे मागे पडतो.

कायदा मदतीला येतो का?

थोडाच. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे स्पष्ट केले. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंह यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे नक्कल करण्याविरोधात अंतरिम संरक्षण दिले. म्हणजे आवाज चोरणाऱ्याला न्यायालयात खेचता येते. पण विमानतळावर, हॉटेलात, मुलाच्या शाळेबाहेर मोबाइल रोखणाऱ्यांना सरसकट अडवणारा स्वतंत्र कायदा नाही. असा कायदा केला तरी त्याचा वापर भलत्याच लोकांना गैरसोयीच्या बातम्या दडपण्यासाठी होण्याचा धोका आहे.

‘प्रसिद्धी हवी, मग तक्रार कशाला?’

हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो अगदीच गैर नाही. फ्रायर पार्क विकत घेण्याची ऐपत फार थोड्यांची असते. लग्नसराईत रोज दोन कार्यक्रम करणाऱ्या ऑर्केस्ट्रातल्या वादकाला विसावा मागण्याचीही सोय नाही. शिवाय लोकांच्या प्रेमावरच कलाकाराचे घर चालते.

पण तिकीट काढले म्हणून श्रोत्याला गाण्याचा हक्क मिळतो, माणसाचा नाही. कार्यक्रमाचे दोन तास आपले; उरलेले बावीस त्याचे. हे मान्य करायला कायदा लागत नाही. दौऱ्यांच्या करारात सक्तीच्या सुट्ट्या, कार्यक्रमांमध्ये पुरेसे अंतर, साथीदारांनाही विश्रांतीचा मोबदला या गोष्टी आयोजकांनी ठरवल्या तर होऊ शकतात. कलाकार कुठे उतरला आहे हे कळूनही ते न छापणे माध्यमांना जमू शकते. आणि चाहत्यांच्या हाती तर सर्वांत सोपी गोष्ट आहे.

‘ताज’मधल्या त्या लिफ्टचालकाचा दोष म्हणावा असा काही नव्हता, आवडता कलाकार समोर दिसला की कुणाचेही तसेच होईल. फक्त तो एकटा होता, आज आपण सगळेच त्याच्या जागी आहोत. ओळखून गप्प राहणे, हसून पुढे जाणे, खिशातला मोबाइल खिशातच ठेवणे, एवढे जमले तर कलाकाराला विसाव्यासाठी दल सरोवर गाठावे लागणार नाही.