यकृताचा कर्करोग : शस्त्रक्रियेआधीचा हिशेब

यकृताच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर रोगी किती वर्षे जगतो, हा प्रश्न वरवर पाहता शल्यविशारदाच्या कौशल्याचा वाटतो. परंतु वैद्यकशास्त्राने ह्याबाबत जे घटक निश्चित केले आहेत त्यांची यादी पाहिली, म्हणजे निराळेच चित्र दिसते. गाठ केवढी आहे, गाठी किती आहेत, रोग यकृतातील रक्तवाहिन्यांत शिरला आहे काय, उरणारे यकृत कितपत कार्यक्षम आहे, रक्तात ‘हिपॅटायटिस बी’चे विषाणू किती आहेत — ह्यांतील बहुतेक गोष्टी रोगी शस्त्रक्रियागृहात पाऊल टाकतो त्यापूर्वीच ठरून गेलेल्या असतात.

हा कर्करोग निरोगी यकृतात सहसा उद्भवत नाही. बी किंवा सी विषाणूंचा दीर्घकालीन संसर्ग, मद्य, मधुमेहाच्या जोडीने यकृतात साठणारी चरबी ह्यांमुळे यकृत वर्षानुवर्षे निबर होत जाते आणि अशा ‘सिरॉसिस’ग्रस्त यकृतात गाठ धरते. गाठ कापून काढली तरी रोगाची जमीन मागे राहते. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतरच्या पाच वर्षांत सुमारे 70 टक्के रोग्यांत कर्करोग पुन्हा डोके वर काढतो. विषाणूरोधक औषधे आणि नियमित तपासणी ह्यांचे मोल त्या काळात शस्त्रक्रियेहून कमी नसते.

ह्या संदर्भात चीनमधील शांघाय शहरात झालेला एक प्रयोग मननीय आहे. हिपॅटायटिस बीचा संसर्ग किंवा जुनाट यकृतदाहाचा इतिहास असलेल्या 35 ते 59 वर्षे वयाच्या 18,816 नागरिकांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व रक्ततपासणीसाठी बोलावण्यात आले. दुसऱ्या गटाची नेहमीचीच व्यवस्था राहिली. 2004 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या गटातील लोकांनी ठरलेल्या तपासण्यांपैकी जेमतेम 58 टक्केच करून घेतल्या होत्या. तरीही यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्या गटात 37 टक्क्यांनी कमी झाले. कर्करोग झालेल्यांपैकी पहिल्या गटात 46.5 टक्क्यांवर शस्त्रक्रिया होऊ शकली, दुसऱ्यात अवघ्या 7.5 टक्क्यांवर. निदान आधी झाले म्हणून आयुष्य केवळ कागदावर लांबलेले दिसते, असा आक्षेप येथे टिकत नाही. कारण मोजदाद संपूर्ण गटातील मृत्यूंची झाली होती.

आकडेशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एक गोष्ट खटकल्याशिवाय राहणार नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या आयुर्मानाच्या कोष्टकात फक्त शस्त्रक्रिया झालेलेच मोजले जातात. दुसऱ्या गटातील रोग्यांपैकी शंभरातले ब्याण्णवांहून अधिक जण अशा कोष्टकाबाहेरच राहिले असते. दर्शनी आकडा कितीही उत्साहवर्धक असला, तरी तो कोणाला वगळून काढला आहे, हे विचारलेच पाहिजे.

तैवानने 1984 साली नवजात बालकांना हिपॅटायटिस बीची लस देण्याची देशव्यापी मोहीम सुरू केली. पुढे तेथील मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आल्याचे 1997 साली प्रसिद्ध झाले. भारतात ही लस सार्वत्रिक लसीकरणातून देशभर पोहोचण्यास 2011-12 साल उजाडले. बी व सी हिपॅटायटिसची तपासणी आणि उपचार विनामूल्य देणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2018 साली सुरू झाला. योजना स्वागतार्ह आहे. परंतु रक्ताची तपासणी फुकट असली तरी त्यासाठी बुडणारी मजुरी आणि एस. टी.चे भाडे फुकट नसते. दर सहा महिन्यांनी हा खर्च शेतमजुराने सोसावा, असे गृहीत धरणारी व्यवस्था अर्धवटच म्हटली पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात साधे प्रश्न विचारावेत. बालकाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत लसीची पहिली मात्रा मिळते काय? संसर्ग आढळलेल्यांना औषधे खंड न पडता मिळतात काय? सिरॉसिसच्या रोग्याची सहामाही सोनोग्राफी कोठे होते आणि तिचे पैसे कोण देतो? शल्यविशारदाच्या हाती रोगी वेळेवर सोपविणे हे शल्यविशारदाचे काम नव्हे. ते सार्वजनिक आरोग्ययंत्रणेचे काम आहे, आणि त्याचा जाब तिलाच विचारला पाहिजे.