रांगेची किंमत

थीम पार्कची सुट्टी महागली, गर्दी वाढली, तरीही ती परवडते का, हा प्रश्नच फसवा आहे. गर्दी हा या व्यवसायाचा दोष आहे, असे तो गृहीत धरतो. वस्तुतः गर्दी हेच आता त्याचे भांडवल आहे. डिस्नेने १९९९ साली 'फास्टपास' आणला तेव्हा तो प्रवेशशुल्कातच मिळे. अमेरिकेतील उद्यानांत २०२१मध्ये त्याची जागा सशुल्क सोयीने घेतली. आपल्याकडे खोपोलीजवळच्या, २०१३मध्ये सुरू झालेल्या इमॅजिकातही रांग टाळण्याचे तिकीट वेगळे विकले गेले आहे. रांग जितकी लांब, तितके ते तिकीट मोलाचे. मग ती आखूड करण्यात कोणाचे हित?

'गर्दी जत्रेतही असतेच की', हा ठरलेला युक्तिवाद. असते ना! पण मनमाडहून चंदनपुरीच्या खंडोबाला जाणारा गर्दीसाठीच जातो. एकट्याने भंडारा उधळण्यात काय अर्थ? पार्कमध्ये मात्र पुढचा माणूस म्हणजे आपल्या पैशाने विकत घेतलेल्या वेळेतला अडथळा. (शिर्डीत सशुल्क दर्शनाचे पास मिळतात; तेव्हा ही विद्या देवस्थानांनाही अवगत आहेच. असो.)

मुलांचा आनंद खरा असतो, हे मान्य. पण मनमाडच्या कुटुंबाने प्रवासभाडे, मुक्काम आणि चौघांची तिकिटे मोजून घेतलेल्या दिवसातला निम्मा भाग कठड्यांमध्ये उभे राहण्यात जात असेल, तर त्या आनंदाचा हिशेब पालकांनी मागायला नको? अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले आणि टंकाईच्या कड्यातली जैन लेणी गावाच्या वेशीजवळ आहेत. ती आपल्यापैकी किती जणांच्या मुलांनी पाहिली आहेत?