पडद्यावरचा रस्ता आणि रस्त्यावरचा माणूस

मोटारचालकाने काच खाली करून नाक्यावरच्या पानवाल्यास वाट विचारावी आणि त्याने ‘श्रेयसच्या सिग्नलला उजवीकडे वळा’ असे सांगावे, हा व्यवहार घाटकोपरसारख्या उपनगरातूनही आता जवळजवळ संपुष्टात आला आहे. ती जागा मोबाइलवरील नकाशाने घेतली. २०१४ मध्ये ॲपलने आणि २०१५ मध्ये गुगलने हा नकाशा मोटारीच्या डॅशबोर्डवरील पडद्यावर आणण्याची व्यवस्था केली. तिने फार मोठी सोय झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परप्रांतातून काल आलेला टॅक्सीचालक आज मुंबईत पोट भरू शकतो, तो तिच्याच बळावर. परंतु सोय आणि भरवसा या भिन्न गोष्टी होत. आपण पहिलीचे मूल्य दुसरीच्या नाण्यात मोजू लागलो आहोत.

छेडानगरच्या चौकाचे उदाहरण घ्यावे. पूर्व द्रुतगती मार्ग, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता आणि घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता तेथे एकत्र येतात. एक रस्ता वरून जातो, दुसरा त्याखालून. उपग्रहाच्या संकेतांवरून वाहनाची जागा बऱ्यापैकी कळते, पण उंची तितक्या अचूकपणे कळत नाही. त्यामुळे वाहन पुलावर आहे की पुलाखाली, याचा पडद्यावरील बाणास पुष्कळदा उलगडा होत नाही. २०२१ मध्ये खुला झालेला घाटकोपर-मानखुर्द उड्डाणपूल जवळजवळ तीन किलोमीटरचा आहे. त्यावर चुकून चढलेल्यास मध्येच उतरण्याची सोय नाही. उड्डाणपुलाची पूर्वसूचना देण्याची सुविधा गुगलने भारतातील ४० शहरांसाठी जाहीर केली, ती २०२४ च्या जुलैमध्ये. आपल्या शहरांत उड्डाणपूल उभे राहून तोवर कित्येक दशके लोटली होती. शिवाय ऐन वळणावर दूरध्वनी यावा आणि सूचना लोपावी, तार सैल होऊन नकाशाच नाहीसा व्हावा, हा अनुभव सार्वत्रिक आहे. अशा क्षणी चालकाची नजर रस्त्यावर नसते. १ ऑक्टोबर २०२० पासून अमलात आलेल्या मोटार वाहन नियमांनी वाट शोधण्यापुरता मोबाइल वापरण्यास मुभा दिली. परंतु चालकाचे चित्त विचलित होता कामा नये, अशी अट घातली. ही अट पडद्याची रचना करणाऱ्यांवर मात्र कोणी घातलेली दिसत नाही.

प्रश्न केवळ वळसा पडण्याचा असता, तर त्याविषयी लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. २०२१ च्या जानेवारीत अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोल्याजवळ, पाण्याखाली गेलेल्या पुलावर रात्री मोटार गेली आणि एकास जलसमाधी मिळाली. २०२४ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशात बरेलीजवळ, रामगंगेवरील तुटक्या पुलावरून मोटार कोसळून तिघे दगावले. २०२५ च्या जुलैत बेलापूर येथे एका महिलेची मोटार खाडीत गेली. सागरी सुरक्षा पोलिसांच्या तत्परतेमुळे ती बचावली. तिन्ही प्रसंगी चालकांनी पडद्यावरील वाट धरली होती, असे वृत्त प्रसिद्ध झाले. परंतु दोष एकट्या यंत्राचा मानणे ही स्वतःची फसवणूक ठरेल. पूल तुटला आहे, हे नकाशास ठाऊक नव्हते हे खरे. पण ज्यांना ते ठाऊक होते, त्या सरकारी खात्याने तेथे भक्कम अडथळा का उभारला नाही? बरेली प्रकरणी बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवरही गुन्हा नोंदविण्यात आला, तो याच कारणास्तव.

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे व ती अर्थशास्त्राची आहे. एक रस्ता रुंद पण खडबडीत, दुसरा अरुंद पण चांगला. जो तो आपापला लाभ पाहून दुसऱ्यावर गर्दी करतो आणि अखेरीस सर्वांचाच तोटा होतो, असा दृष्टांत पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दिला होता. मेट्रो ४ च्या कामामुळे लालबहादूर शास्त्री मार्ग तुंबला की पडदा शेकडो मोटारींना एकाच वेळी आतल्या गल्ल्यांची वाट दाखवितो. वाचलेली चार मिनिटे चालकाच्या पदरात पडतात. त्यांची किंमत मात्र शाळेतून परतणारी मुले, भाजी घेऊन येणारे वृद्ध आणि गल्लीत अडकलेली रुग्णवाहिका चुकती करतात. पडद्याच्या हिशेबात या माणसांची नोंदच नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या लिओनिया या लहानशा गावाने २०१८ मध्ये अशा लोंढ्याला कंटाळून आपले अंतर्गत रस्ते वर्दळीच्या वेळी परक्या वाहनांस बंद केले होते. तो मार्ग मुंबईस परवडणारा नाही; पण तेथील रहिवाशांची तक्रार आपल्याही परिचयाची आहे.

मग करावयाचे काय? केंद्र सरकारने २०२१ मध्ये नकाशांवरील निर्बंध सैल केले आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण जाहीर केले. भारतीय सर्वेक्षण विभागाची परंपरा तर १७६७ पर्यंत मागे जाते. तेव्हा ज्ञानाची वाण नाही. वाण आहे ती ते वेळेवर पोहोचविण्याची. महानगरपालिका, वाहतूक पोलीस आणि प्रादेशिक विकास प्राधिकरण यांनी बंद रस्ते, चालू खोदकामे, एकेरी मार्ग व पाणी साचलेली ठिकाणे यांची एकच नोंदवही दररोज अद्ययावत ठेवून ती सर्व नकाशाकारांस विनामूल्य खुली करावी. आणि तिच्यातील सूचना ठराविक मुदतीत पडद्यावर आणण्याचे बंधन कंपन्यांवर घालावे. शाळांच्या गल्ल्या भर गर्दीत आडवाट म्हणून दाखविण्यास मनाई असावी. वळणाची सूचना झाकली जाणार नाही, याची हमी मोटार-उत्पादकांकडून घ्यावी. मुख्य म्हणजे, पडदा आला म्हणून रस्त्यावरचे ठळक मराठी फलक आणि पुलाच्या तोंडाशी लागणारे दिवे यांकडे दुर्लक्ष होता कामा नये. बॅटरी संपली तरी फलक वाचता येतो.

रस्ता ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तो कोणी, केव्हा व कसा वापरावा हा निर्णय मूठभर खासगी कंपन्यांच्या गणितावर सोडून लोकनियुक्त संस्थांनी स्वस्थ बसणे, हा कारभार नव्हे. ती जबाबदारीतून घेतलेली माघार होय.