फिल्टर झटकू नका

तुमसरहून कटंगीकडे निघालं, की गोबरवाही-नाकाडोंगरीचा भाग लागतो. डोंगरी बुजुर्गची उघडी मँगनीज खाण आणि चिखल्याची भूमिगत खाण याच टापूतल्या. खनिजाचे ट्रक, मुरमाच्या वाटा आणि मे महिन्यातलं 45 अंशांचं ऊन. उभ्या गाडीच्या बॉनेटवर बोटानं नाव लिहावं, एवढी धूळ बसते. ती आपण फडक्यानं पुसतो. इंजिनाच्या आत गेलेली धूळ मात्र कोणाला पुसता येत नाही.

एक लिटर डिझेल जाळायला किमान 10 हजार लिटर हवा लागते, आणि ती सारी हवा कागदाच्या एका फिल्टरमधून गाळून आत जाते. मुरमाच्या धुळीत गारगोटीचे कण असतात. सिलिंडर आणि पिस्टन रिंगा घासून काढण्याइतके ते कठीण असतात. इंजिन आणि ही धूळ यांच्यामध्ये तो कागद तेवढा उभा असतो. त्याच कागदावर आपण काय काय करतो? टायरवर आपटतो. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची नळी जवळ धरून जोरात हवा मारतो. पेट्रोलनं धुऊन उन्हात वाळवतो. आपटल्यानं फिल्टरची कड वाकते आणि फटीतून न गाळलेली हवा आत जाते. हवेच्या झोतानं कागदाला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. फिल्टर वरून लख्ख दिसतो आणि पैसे वाचल्याचं समाधान मिळतं. खरं तर थोडा मळलेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक गाळतो. तो फारच तुंबला तर गाडीची ओढ कमी होते, काळा धूर येतो. म्हणजे गाडी स्वतःच सांगते. फाटलेला फिल्टर काहीच सांगत नाही. तो सांगतो तेव्हा निळा धूर निघू लागलेला असतो, गाडी ऑइल खाऊ लागलेली असते आणि मिस्त्री म्हणतो, इंजिन उघडावं लागेल. काही शेकड्यांचा फिल्टर वाचवताना धानाच्या हंगामाची कमाई इंजिनकामात गेलेली असते.

आपल्याकडच्या उन्हाळ्यातला दुसरा ठरलेला सल्ला म्हणजे, ‘गाडी गरम होते ना, मग वॉल काढून टाक.’ हा वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. साधारण 80 ते 90 अंशांच्या दरम्यान तो उघडतो आणि पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी करून देतो. बऱ्याच इंजिनांत तो उघडताना जवळची आडवाट बंदही करतो. तो काढला की ती आडवाट कायमची उघडी राहते. गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरमध्ये न जाताच इंजिनात परततो आणि ऐन चढावर गाडी आणखी तापते. पुढे थंडीच्या सकाळी तेच इंजिन लवकर गरम होत नाही. डिझेल पुरतं जळत नाही, रिंगांवरून खाली उतरून ऑइल पातळ करतं. उन्हाळ्यावर उपाय म्हणून केलेलं काम बारा महिने इंजिन झिजवतं. गाडी तापण्याचं कारण बहुधा वेगळंच असतं. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी भरलेलं असतं आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षारांचा थर चढलेला असतो.

ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं, ही समजूतही इंजिनाच्या मुळावर येते. काजळी स्वतःत धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. ते काळं दिसलं म्हणून डिझेल ओतून इंजिन आतून ‘धुणारे’ लोक आहेत. सुटलेला गाळ पंपाच्या जाळीत अडकतो, बेअरिंगला ऑइल मिळत नाही आणि इंजिन धरतं.

ऑगस्ट 2020 च्या शेवटी वैनगंगेच्या पुरानं भंडाऱ्याला वेढलं, ती आठवण अजून ताजी आहे. पाण्यात बुडालेली गाडी पूर ओसरल्यावर किल्ली फिरवून ‘चालते का ते पाहणं’ हा तिचा शेवट ठरू शकतो. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी कनेक्टिंग रॉड वाकवतं. अशी गाडी बॅटरीची तार काढून ढकलत किंवा ओढूनच मिस्त्रीकडे न्यावी.

स्वतःच्या हातानं गाडी सांभाळण्याला माझा विरोध नाही. नाकाडोंगरीच्या माणसाला प्रत्येक कामासाठी तुमसर किंवा भंडारा गाठणं परवडणारं नाही, आणि ज्याला आपल्या यंत्राची जाण आहे तो ते जास्त काळ टिकवतो. माझी तक्रार आहे ती ही जाण त्याच्यापर्यंत पोहोचू न देणाऱ्या व्यवस्थेबद्दल. गाडीसोबतची पुस्तिका बहुधा इंग्रजीत येते आणि प्लास्टिकच्या पिशवीतच राहते. मग ऐकीव उपायाला पर्याय कुठे उरतो? महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीची आणि ट्रॅक्टरची पुस्तिका मराठीत असलीच पाहिजे, आणि ती ग्राहकानं मागून घेतली पाहिजे. सरकारी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचे वर्ग चालतात. त्यांच्या निदेशकांनी चिखलणी सुरू होण्याआधी गावात येऊन एक दिवस फिल्टर, कूलंट आणि ऑइल एवढंच शिकवलं, तरी कितीतरी इंजिनं वाचतील. हा खर्च मोठा नाही आणि तो शासनानं करावा.

तोवर वाचकांनी एवढं करावं. एअर फिल्टर बाहेर काढा, त्याच्या आत पेटता बल्ब धरा आणि बाहेरून कागद नीट पाहा. कुठेही उजेडाचा ठिपका दिसला, तर तो फिल्टर पुन्हा बसवू नका. नवा आणा.