तंबू भरतीरेषेच्या कोणत्या बाजूला?

कोकणातील पर्यटन म्हणजे उन्हाळ्याची सुटी, देवदर्शन आणि ओळखीच्या घरचा मुक्काम, हे समीकरण आता मागे पडले आहे. शनिवारी दुपारी मुंबई-पुण्याहून निघावे, सूर्यास्तापूर्वी एखाद्या पुळणीवर तंबू ठोकावा, शेकोटीभोवती रात्र जागवावी आणि रविवारी परतीचा रस्ता धरावा, ही नवी रीत रुळली आहे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. त्यानंतर तर रायगडचा किनारा महानगराच्या अंगणातच आला. किनाऱ्यावरील तंबूंची वाढ हा त्याचाच परिणाम. ही वाढ रोखावी की वाहू द्यावी, एवढ्यापुरतीच चर्चा सध्या होते. खरा प्रश्न मात्र तंबू कोठे असावा आणि त्याची जबाबदारी कोणाची, हा आहे.

गरजेतून आलेला व्यवसाय

तंबूंचा हा व्यवसाय केवळ शहरी हौसेतून उभा राहिलेला नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड परिसरातील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. नारळ-सुपारीचे झाड लावल्यापासून उत्पन्न हाती येईपर्यंत पाच-सात वर्षे जातात. तोवर घर चालवायचे कशावर? पक्की खोली बांधण्यास भांडवल लागते, परवानगी लागते. तंबूला यातले फारसे काही लागत नाही. चार तंबू, दोन चुली आणि एक पाटी एवढ्यावर हंगाम सुरू करता येतो. म्हणूनच सरसकट बंदीची मागणी करणाऱ्यांनी या बाजूचाही विचार करावयास हवा.

दिवसाचा कायदा, रात्रीचा किनारा

किनाऱ्यासाठी नियम नाहीत असे नाही. सागरी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ची. त्यानंतर २०११ आणि २०१९ मध्ये नव्या अधिसूचना आल्या. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई होती. २०१९च्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या गावांत ही मर्यादा ५० मीटरवर आणली. त्याच अधिसूचनेने भरतीरेषेपासून किमान दहा मीटर अंतर राखून तात्पुरत्या पर्यटनसुविधांना वाट दिली. शॅक, स्वच्छतागृहे, कपडे बदलण्याच्या खोल्या, पिण्याचे पाणी, बसण्याची सोय अशी ही यादी आहे. ती प्रामुख्याने दिवसाच्या पर्यटकासाठी आहे.

राज्य सरकारने २०२० मध्ये आखलेल्या शॅक धोरणाचा रोखही तोच. वरसोली, दिवेआगर, गुहागर, आरे-वारे, कुणकेश्वर, तारकर्ली, केळवा आणि बोर्डी या आठ किनाऱ्यांसाठी ते आखले गेले. प्रत्येक किनाऱ्यावर दहा शॅक, त्यातील ८० टक्के स्थानिकांना आणि वेळ सकाळी सात ते सायंकाळी सात. म्हणजे शॅक बंद होतो तेव्हाच तंबूतील मुक्कामाला सुरुवात होते. महसूल खाते, सागरी मंडळ, वन विभाग, पोलीस आणि ग्रामपंचायत या साऱ्यांचा किनाऱ्याशी संबंध येतो. परंतु रात्री पुळणीवर झोपलेल्या माणसांची मोजदाद कोणी ठेवावी, हे स्पष्ट नाही. बांधकाम नसल्याने तंबू बांधकामाच्या नियमात नेमका बसत नाही आणि सकाळी गुंडाळता येत असल्याने कारवाईतही सापडत नाही.

पौर्णिमेचा फसवा देखावा

या पोकळीतील सर्वांत मोठा धोका भरतीचा आहे. कोकणात जुनी माणसे तिथीच्या पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला सहाच्या सुमारास, तर पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास पूर्ण भरती, असा हा ढोबळ हिशेब. मुंबईपासून रायगडपर्यंत तो बऱ्यापैकी जुळतो. तंबूवाल्या पर्यटकांची आवडती रात्र पौर्णिमेची. त्या दिवशी सायंकाळी सहाच्या सुमारास ओहोटी असते. समुद्र दूर गेलेला, पुळण रुंद आणि कोरडी दिसते. तंबू नेमका त्याच वेळी ठोकला जातो. मध्यरात्री उधाणाचे पाणी सर्वाधिक चढते. त्यातही हिवाळ्यात रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते, आणि हिवाळा हाच तंबूंचा हंगाम. कोळीवाड्यातील मुलाला ठाऊक असलेली ही गोष्ट शहरातून आलेल्या पर्यटकाला कोणी सांगत नाही.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेल्या १४ विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. ती दुर्घटना दिवसाउजेडी घडली होती. अंधारात, जीवरक्षक नसताना काय होऊ शकते, याची कल्पना करण्यासाठी आणखी एका दुर्घटनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

मोकळी दिसणारी जागा

पर्यटकाला मोकळी दिसणारी पुळण प्रत्यक्षात रिकामी नसते. तेथे मासळी सुकते, होड्या ओढल्या जातात, सिंधुदुर्गात रापण लागते. नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री अंडी घालण्यास येतात. पिल्ले बाहेर पडली की उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे धावतात. किनाऱ्यावरचा झगझगीत प्रकाश त्यांना उलट दिशेला ओढतो. वाळूच्या टेकड्या आणि त्यांवर पसरलेली मर्यादवेल लाटांचा मारा सोसते. तंबूसाठी जमीन सपाट करताना पहिला घाव तिच्यावरच पडतो.

पाण्याचा प्रश्न याहून गंभीर. किनाऱ्यालगतच्या विहिरींत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा वाढला की खारे पाणी वर सरकते आणि वाळूतील शोषखड्ड्याचे पाणी झिरपत विहिरीपर्यंत पोहोचते. पर्यटक रविवारी परततो. विहीर गावाची असते.

वेळासचा धडा

उपाय शोधण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्गमित्र' संस्थेने २००२ पासून कासवसंवर्धनाचे काम उभे केले. पिल्ले समुद्रात सोडताना पाहण्यास येणारे पर्यटक गावातील घरांत उतरतात, गावातच जेवतात. पुळण कासवांसाठी राहते आणि पैसा गावात राहतो.

तंबूंबाबतही हेच सूत्र लागू करता येईल. तंबू पुळणीवर नको, वाळूच्या टेकडीमागच्या वाडीत असावा. किती तंबूंना परवानगी द्यायची हे जागेवरून नव्हे, तर स्वच्छतागृहांच्या आणि विहिरीच्या क्षमतेवरून ठरावे. नोंद आणि शुल्क ग्रामपंचायतीकडे असावे. त्या दिवशीच्या भरतीची वेळ दर्शविणारा फलक सक्तीचा व्हावा आणि कासवांच्या हंगामात समुद्राकडे तोंड करून दिवे नसावेत.

यात एक अडचण आहे. ज्यांची वाडी नाही अशा मच्छीमार कुटुंबांना या व्यवस्थेत काय मिळणार? जीवरक्षक, रखवाली, जेवण आणि होडीतील फेरी या कामांत त्यांचा हक्क आधीच ठरवावा लागेल. शॅक धोरणात स्थानिकांसाठी ८० टक्के वाटा ठेवता येतो, तर येथेही तो ठेवता यावा.

निव्वळ बंदीने मात्र काही साधणार नाही. एका किनाऱ्यावरून उठविलेले तंबू पुढच्या खाडीपलीकडे, अधिक निर्जन आणि अधिक धोक्याच्या जागी जातील. समुद्राने आपली हद्द कोठवर आहे हे मर्यादवेलीने आखून ठेवले आहे. तिच्या अलीकडे थांबण्याचा नियम सरकारने आता कागदावर आणावा आणि रात्रीही तो पाळला जाईल हे पाहावे.