मोजपट्टी आणि मोल

दुसऱ्याशी तुलना करण्याची माणसाची प्रवृत्ती नवी नाही. स्वतःची योग्यता ठरविण्याचे निश्चित साधन हाती नसले की माणूस दुसऱ्याकडे पाहून ती ठरवितो, आणि तो दुसराही बहुधा आपल्यासारखाच निवडतो, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडले. कारकुनाला सलते ती उद्योगपतीची श्रीमंती नव्हे, शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याची बढती. समाजमाध्यमांनी हा शेजार अमर्याद केला आणि त्याला आकड्याची जोड दिली. फेसबुकने २००९ मध्ये ‘लाइक’चे बटण आणले, २०१० मध्ये इन्स्टाग्राम सुरू झाले, आणि पूर्वी नजरेतून वा शब्दातून कळणाऱ्या पसंतीची जाहीर बेरीज होऊ लागली. इतरांचे निवडक क्षण आणि आपला रखडलेला दिवस यांची ही तुलना मुळातच विषम आहे. परीक्षेच्या निकालानंतरच्या आठवड्यात तिचा ताप कोवळ्या विद्यार्थ्यांना सर्वाधिक होतो.

उपाय सुरू झाले आहेत. इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये काही देशांत पसंतीचे आकडे झाकून पाहिले व २०२१ मध्ये ती मुभा सर्वांना दिली. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांच्या खात्यांना मनाई करणारा कायदा २०२४ मध्ये संमत केला. डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आला. असे उपाय आवश्यकच आहेत. परंतु माणसाचे मोल ठरवायचे कोणी, हा मूळ प्रश्न त्यांनी सुटत नाही.

ख्रिस्ती विचाराने या प्रश्नाला दिलेले उत्तर येथे लक्षात घेण्याजोगे आहे. माणूस ईश्वराच्या प्रतिरूपात निर्माण झाला, ही त्या विचाराची बैठक. अर्थात मोल आधी, कर्तृत्व नंतर. मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात सकाळपासून राबलेल्यांना आणि अखेरच्या तासाला आलेल्यांना मालक सारखीच मजुरी देतो, तेव्हा सकाळचे मजूर कुरकुर करतात. वस्तुतः त्यांना ठरलेली मजुरी पुरेपूर मिळाली होती. दुसऱ्याच्या हाताकडे पाहिल्यावर ती थोडी वाटू लागली. लूकच्या शुभवर्तमानातील परूशी मात्र दूर उभ्या असलेल्या जकातदाराकडे पाहून स्वतःला थोर समजतो. न्यूनगंड आणि अहंगंड ही एकाच मोजपट्टीची दोन टोके आहेत. स्वतःवर अधिक प्रेम करा, हा आजचा लोकप्रिय उपदेश ती मोजपट्टी आपल्याच हाती ठेवतो. ख्रिस्ती श्रद्धा ती हातातून काढून घेते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. असे समाधान शिकविले तर अन्याय सोसणाऱ्याने गप्पच बसावे काय? तासिका तत्त्वावर राबणारा शिक्षक समान वेतन मागतो तेव्हा तो मत्सर नसतो, न्यायाची मागणी असते. पंडिता रमाबाईंचे कार्य या आक्षेपाला उत्तर देते. ज्या विधवांचे मोल समाजाने शून्य ठरविले होते, त्यांना त्यांनी नुसता धीर दिला नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढून त्यांना शिकविले. पुढे दुष्काळात केडगावच्या मुक्ती सदनात निराश्रित स्त्रियांना आसरा व हाताला काम दिले. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथील छापखान्यातच, त्या स्त्रियांच्या श्रमाने छापले गेले. मोल उपजत आहे असे मानणाऱ्याला ते तुडविले गेलेले पाहवत नाही.

हा विचार समजण्यास ख्रिस्ती असणे आवश्यक नाही, आणि ख्रिस्ती असल्याने तो आपोआप अंगी बाणतो असेही नाही. उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये, ही शिकवण असलेल्या प्रार्थनामंदिरांतही सेवेची छायाचित्रे आणि अनुयायांची संख्या मिरविली जाते. शाळांची स्थिती निराळी नाही. वर्गात गुणांची उतरंड जाहीर वाचणाऱ्या शिक्षकाने मुलांच्या हातातील फोनला दोष देण्यापूर्वी, शेवटच्या बाकावरील मुलाला नावाने हाक मारून त्याची विचारपूस आपण कधी केली होती, हे आठवून पाहावे.