भविष्यकाळाचं कोटेशन

कॉम्प्युटरच्या दुकानातलं कोटेशन हातात पडलं की मी ते खालून वर वाचतो. वरच्या ओळी नटूनथटून आलेल्या असतात. प्रोसेसरपुढे नाव-गाव-फळ-फूल सगळं: कंपनी, पिढी, मॉडेल नंबर, किती कोअर. ग्राफिक्स कार्डापुढेही तेच. मग जसजसं खाली यावं तसतशी दुकानदाराची शाई संपत जाते. 'मदरबोर्ड – कंपॅटिबल'. 'मॉनिटर – २२ इंची एलईडी'. 'एसएमपीएस – ५०० वॅट'. कधीकधी तर एसएमपीएसला स्वतःची ओळही नसते, 'कॅबिनेट विथ एसएमपीएस' असं लिहून त्याला डब्यावर फुकट मिळालेल्या चमच्याचा दर्जा दिलेला असतो.

म्हणजे ज्या वस्तूकडे रोज सहा-आठ तास बघत बसायचं तिला नाव नाही, आणि ज्या वस्तूतून सगळ्या यंत्राला वीज जाणार तिलाही नाही. खालच्या ओळींतले पैसे काढून वरच्या दोन ओळींत घातलेले असतात. का, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: "सर, आत्ता घेताय तर पुढच्या पाच-सात वर्षांचं बघून घ्या. फ्यूचर-प्रूफ होईल."

माझं भांडण या शब्दाशी आहे. दुकानदाराशी तितकंसं नाही, कारण तो शब्द त्याने काढलेला नाही. यूट्यूबवर रोज नवं कार्ड खोक्यातून काढून दाखवणारे लोक तो वापरतात, प्रत्येक घरात एक 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' आतेभाऊ असतो तो वापरतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा सुटे भाग घेऊन मशीन जुळवायला निघालेला माणूस तो ऐकून गार होतो. साठ-सत्तर हजारांची खरेदी आहे, घरात पुन्हा एवढे पैसे कधी निघतील सांगता येत नाही, तेव्हा 'पुढचं बघून घ्या' हे वाक्य त्याला शहाणपणाचं वाटणारच. आपल्याकडे लेकरांचे कपडेसुद्धा वाढत्या अंगाचे घ्यायची रीत आहे. पण मूल वाढतं, प्रोसेसर वाढत नाही.

भविष्याचं काय होतं, याचं उदाहरण फार लांबचं नाही. जानेवारी २०१७ मध्ये इंटेलचा कोअर आय-७ ७७००के बाजारात आला. किंमत सुमारे ३४० डॉलर, घरगुती वापराच्या चिपांमध्ये तेव्हाचा राजा. 'हा घ्या, दहा वर्षं बघायला नको' असं ज्याच्याबद्दल खुशाल सांगावं असा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आय-३ ८१०० आला, सुमारे १२० डॉलरचा, साधा, कारकुनी कामाचा. पुढे २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ आणलं आणि पात्र प्रोसेसरांची यादी लावली. तिच्यात इंटेलची सातवी पिढी, अगदी मोजके अपवाद सोडले तर, बाहेर, आठवी आत. राजा दाराबाहेर, कारकून आत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हा ७७००के अजून धडधाकट होता, वेगातही त्या आय-३ च्या मागे नव्हता. त्याला ताकदीने दगा दिला नाही, एका यादीने दिला. ती यादी २०१७ मध्ये कुठल्या कोटेशनात दिसणार होती? (पळवाटा आहेत, लिनक्स आहे, मला ठाऊक आहे. पण पळवाटा शोधाव्या लागू नयेत म्हणूनच तर त्याने जास्तीचे पैसे मोजले होते.)

सर्वांत वरचं घेतलं की सर्वांत निर्धास्त, हेही खरं नाही. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीत मशीन अचानक बंद पडण्याच्या तक्रारी आल्या, त्यांत पुढे होते ते सर्वांत महागडे आय-९. चुकीचं जास्त व्होल्टेज चिपला झिजवतंय हे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केलं, मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

यावर समोरच्या पक्षाकडे एक चांगलं उत्तर आहे आणि ते टाळून पुढे जाणं बरं नव्हे. ते म्हणतात, एएमडीच्या एएम-४ चं काय? २०१७ मध्ये घेतलेल्या कितीतरी मदरबोर्डांवर, बायोस अपडेट करून, २०२२ चा ५८००एक्स३डी बसतो. पाच वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलला की यंत्र नवं. हे फ्यूचर-प्रूफ नाही तर काय?

खरं आहे. पण त्या गोष्टीत फायदा कुणाचा झाला ते पाहा. २०१७ मध्ये वरचा, महागडा प्रोसेसर घेणाऱ्याचा नव्हे. त्याने बेताचा प्रोसेसर आणि बरा बोर्ड घेतला, त्याचा. कोटेशनमध्ये 'कंपॅटिबल' एवढंच लिहिलेली जी ओळ असते, तिने त्याला तारलं. आणि तेही हमखास नव्हतं: २०२० मध्ये कंपनीने जुन्या ४०० मालिकेच्या बोर्डांना नवे प्रोसेसर चालणार नाहीत असं आधी सांगितलं, ग्राहकांनी ओरड केल्यावर माघार घेतली. इंटेलच्या ११५१ सॉकेटवाल्यांच्या नशिबी ती माघार नव्हती. २०१५ चा सॉकेट आणि २०१७ चा सॉकेट, नाव तेच, पिनांची संख्या तीच, तरी आठव्या पिढीला नवा बोर्ड लागला.

एका ठिकाणी मात्र माझं म्हणणं लंगडं पडतं. रॅम. 'आज १६ जीबी घ्या, पुढे स्वस्त झाली की वाढवा' हा सल्ला वर्षानुवर्षं बरोबर होता. मग एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार उचलला आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की 'पुढे स्वस्त' म्हणणाऱ्यांनी तोंड लपवावं. तेव्हा रॅम लागणार असेल तेवढी आधीच घ्यावी, हे मी मान्य करतो. बाकीच्या ओळींवर माझा आक्षेप कायम.

गेल्या वर्षी भाचीसाठी असंच एक कोटेशन घरात आलं. ती उपयोजित कला शिकते. चित्रं काढते, पोस्टर करते, मराठी अक्षरांची मांडणी करते. गेम खेळत नाही. कोटेशन बेचाळीस टक्के ग्राफिक्स कार्डाचं होतं. मी आकडेमोड करून पाहिली. मॉनिटर, जो तिचा कॅनव्हास, तो नऊ टक्के. प्रोसेसरच्या नंबरामागे 'एफ' होता, म्हणजे त्यात अंगचं ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडलं तर पडद्यावर काळोख. तिला कुणी विचारलंच नव्हतं की तू या मशीनवर काय करणार आहेस. मी विचारलं तर म्हणाली, "मामा, मला फक्त रंग खरे दिसायला हवेत." हे वाक्य त्या कोटेशनात कुठेही बसत नव्हतं.

दुकानदार म्हणाला, उद्या तिने थ्रीडी शिकायला घेतलं तर? तर उद्या कार्ड घ्यावं. त्यासाठी आज दोनच गोष्टी लागतात: बोर्डावर रिकामा स्लॉट आणि उद्याचं कार्ड झेपेल असा एसएमपीएस. भविष्याची सोय म्हणून मला एवढीच मान्य आहे. आणि गंमत अशी, की उद्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कोटेशनात ही सोयच छाटलेली असते.

आता त्या एसएमपीएसबद्दल, कारण खरा राग तिथे आहे.

खोक्यावर ५०० वॅट लिहिलंय म्हणून तो ५०० वॅट देतो असं समजू नका. त्याच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते पाहा आणि बाराने गुणा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टमधूनच घेतात. तिथे १४ अँपिअर असतील तर गुणाकार येतो १६८ वॅट. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत पसरून ठेवलेले असतात, जिथे आजच्या मशीनला त्यांचा फारसा उपयोग नाही. मागच्या बाजूला ११५/२३० असं लिहिलेलं लाल बटण असेल तर रचना बहुधा जुन्या धाटणीची, अ‍ॅक्टिव्ह पॉवर फॅक्टर करेक्शन नसलेली. '८० प्लस'चा शिक्का असला तर बरंच, पण तो शिक्का कार्यक्षमतेचा आहे, भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती पुढे गेली आणि किती उष्णता झाली याचा. व्होल्टेज उसळलं किंवा कुठे शॉर्ट झालं तर हा डबा स्वतः बंद होईल की मदरबोर्डाला बरोबर घेऊन जाईल, ते शिक्का सांगत नाही. त्यासाठी वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघावं. कंपनीला स्वतःच्या मालावर किती भरवसा आहे, ते तिथे कळतं.

आणि हे आपल्याकडे जास्त महत्त्वाचं आहे. इंग्रजी व्हिडिओंत अर्थिंगबद्दल कुणी बोलत नाही, कारण त्यांना बोलावं लागत नाही. आपल्याकडे कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात आणि घरातले म्हणतात, 'थोडा करंट आहे त्याला, चप्पल घालून बस.' होतं असं की एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून डब्याच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असलं की तो क्षुल्लक प्रवाह जमिनीत जातो. नसलं, किंवा कुणी टू-पिनचा अ‍ॅडॉप्टर लावून तिसरी पिन निकामी केली, की पत्रा पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजवर, सुमारे ११५ व्होल्टवर, तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा म्हणून माणूस वाचतो. पण त्याच पत्र्याला पेन ड्राइव्ह, स्पीकर, टीव्ही सगळं जोडलं जातं. चांगला इलेक्ट्रिशियन बोलावून सॉकेटचं अर्थिंग तपासून घेणं हा माझ्या मते पहिल्या कॉम्प्युटरचा पहिला सुटा भाग आहे. तो कोटेशनात कधीच नसतो. त्यावर कमिशन नाही.

यूपीएसचंही तेच. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, बहुधा ३६०. मोठं कार्ड घेऊन पैसे संपले की हा छोटा यूपीएस येतो आणि वीज गेल्यावर, जोर लावून काम चालू असेल तेव्हा, नेमका तोच बसतो.

मॉनिटरबद्दल या अंकाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको, कारण आपण सगळे त्यावर मराठी वाचतो. २७ इंची पडदा स्वस्तात मिळतोय म्हणून फुल एचडीमध्ये घेतला तर इंचाला सुमारे ८२ ठिपके पडतात. रोमन अक्षरं त्यातही निभावून नेतात. 'दुर्द्धर' किंवा 'वर्क्तृत्व' नव्हे, साधं 'राष्ट्रीय' बघा: ष ला ट, ट ला र, वर वेलांटी, त्या ठिपक्यांत सगळ्याचा काला होतो. तेच फुल एचडी २४ इंचांत ९२ वर येतं, आणि २७ इंचांत १४४०पी घेतलं तर १०९ वर. भाचीसाठी आम्ही कार्डाची ओळ पूर्ण खोडली, अंगचं ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेतला आणि त्या पैशांत चांगला २७ इंची आयपीएस पडदा बसला. वर पेन टॅबलेटलाही पैसे उरले. आतेभाऊ अजून म्हणतात, एवढ्या पैशांत कार्ड नाही म्हणजे फसलात.

बाकीचं थोडक्यात. रॅमची १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या. अंगचं ग्राफिक्स वापरणाऱ्याला तर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण ते ग्राफिक्स रॅमच्याच रस्त्याने जातं. एसएसडी हवीच, पण सेकंदाला ३,५०० एमबी आणि ७,००० एमबी यांतला फरक रोजच्या कामात शोधून सापडणार नाही. हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर येणं हीच खरी उडी. दिवे लागणाऱ्या पंख्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही, कुणाला आवडतात. फक्त पुढची काच पूर्ण बंद असलेला डबा घेऊ नका. चंद्रपूरच्या मे महिन्यात त्या पंख्यांनी हवा आणायची कुठून?

मग एवढी उठाठेव कशाला, सरळ तयार ब्रँडेड मशीन किंवा लॅपटॉप घ्यावा, असंही लोक म्हणतात. फिरायचं असेल तर जरूर लॅपटॉप घ्यावा. पण टेबलावरच बसायचं असेल तर सुटे भाग घेण्यामागे एकच भक्कम कारण आहे, आणि ते वेग नाही, स्वस्ताईही नाही. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्सची मापं जाहीर केली, स्क्रूची भोकं कुठे असावीत इथपासून. तीस वर्षं उलटली तरी आज घेतलेला नवा बोर्ड त्या काळच्या एटीएक्स डब्यात बहुतेक वेळा त्याच भोकांवर बसतो. कितीतरी तयार मशीनमध्ये एसएमपीएस वेगळ्या आकाराचा, बोर्डाची पिन वेगळी. एक भाग गेला की कंपनीच्या दारात. सुट्या भागांच्या मशीनमध्ये गेलेला भाग तेवढा काढून लॅमिंग्टन रोडवर जाता येतं, किंवा आपल्या तालुक्याच्या गावातल्या दुकानात. मात्र त्यासाठी भाग कुठला आहे ते माहीत हवं, आणि पक्क्या बिलावर त्याचं नाव आणि सीरियल नंबर हवा. 'एसएमपीएस – ५०० वॅट' या बिलावर कुणी काही बदलून देत नाही.

म्हणून दुकानात जाताना आपली यादी उलटी लिहून न्या. सर्वांत वर मी काय काम करणार ते. त्याखाली पडदा, मग एसएमपीएस नाव-मॉडेलसकट, मग बोर्ड, यूपीएस. प्रोसेसर आणि कार्ड सर्वांत खाली, उरलेल्या पैशांत. दुकानदार आधी हसेल. भाचीच्या वेळी आमचाही हसला होता. मग १२ व्होल्टला किती अँपिअर आहेत असं विचारल्यावर त्याने आतून दुसरा बॉक्स मागवला, आणि म्हणाला, "हा घ्या सर, माझ्या घरच्या मशीनला हाच आहे."